सैन्यासोबतचा अभ्यासक की आभाळातला ड्रोन?

परभणीची माझी भाची मानवशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधाला विषय दोन, आणि ती अडकलीय. "मामा, अमेरिकी सैन्याबरोबर गेलेले अभ्यासक घेऊ की अमेरिकेचे ड्रोनहल्ले?"

खर्च दोन्हीकडं सारखाच. त्या युद्धांच्या मुलखात जाणं शक्य नाही, म्हणजे कागदांवरच काम.

कागद मात्र पहिल्या विषयाचे भरपूर. अमेरिकी सैन्याचा 'ह्यूमन टेरेन सिस्टीम' कार्यक्रम २००७ ते २०१४ चालला. अफगाणिस्तान-इराकमध्ये समाजशास्त्रांचे अभ्यासक तुकड्यांसोबत फिरले. २००७ मध्येच अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळानं नापसंती कळवली. बंदूकधाऱ्यांसोबत दारात आलेल्याला माणूस अभ्यासासाठी मोकळ्या मनानं संमती कशी देणार? मला हा आक्षेप पूर्ण पटतो.

ड्रोनचं बरंचसं गुप्त, म्हणून मेहनत दुप्पट. पण प्रश्न खोल. १७ मार्च २०११ रोजी पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात दत्ता खेलला क्रोमाइट खाणीच्या वादावर जिरगा, म्हणजे कबिल्यांची पंचायत, बसली होती. तिच्यावर अमेरिकी ड्रोनमधून क्षेपणास्त्रं पडली, कबिल्यांचे वडीलधारे गेले. आपल्याकडं बांधाच्या भांडणासाठी भावकी पारावर बसते ना, तसंच ते. वरून बघितलं तर फेटे, टोप्या आणि घोळका दिसेल; कोण कुणाचा चुलता, कशासाठी जमलेत, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते ओळखणं हेच तर मानवशास्त्राचं काम.

सहा महिन्यांत प्रबंध हातावेगळा करून नोकरी शोधायची, तर पहिला विषय. पीएचडीपर्यंत जायची तयारी असेल, तर ड्रोन. पोरीला पुढं शिकायचंय. मी तिला ड्रोनच सांगितलं.