मोबाईलला कव्हर घालावं की तसाच वापरावा?

नवा फोन घेतला की पहिले काही दिवस कव्हर नकोसंच वाटतं. कडा गुळगुळीत असतात, मागची काच उजेडात रंग बदलते, आणि एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू रबराच्या पिशवीत घालायची कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. दुसरीकडे दुकानदार बिल करता करताच पारदर्शक कव्हर काउंटरवर ठेवतो, आणि त्याचंही चुकत नाही. गडबड एवढीच, की या विषयावरची चर्चा ‘पडला तर काय?’ या एका प्रश्नापाशीच अडकते. त्याच्या आधीचा प्रश्न, म्हणजे फोन मुळात पडतो कशामुळे, सहसा कुणी विचारत नाही. निवड करताना मला तोच जास्त कामाचा वाटतो.

तरी पडण्याचं गणित आधी उरकून घेऊ. २०० ग्रॅमचा फोन ओट्याच्या किंवा खिशाच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १ मीटरवरून फरशीवर पडला, तर त्यात जेमतेम २ ज्यूल ऊर्जा असते. ती फार नाही. नुकसान ठरतं ते फोन किती अंतरात थांबतो यावर. उघड्या फोनचा कोपरा फरशीवर आपटून ०.२ मिलिमीटरमध्ये थांबला, तर बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५,००० पट होतो. तोच कोपरा मऊ कव्हरात २ मिलिमीटर दबून थांबला, तर तो ५०० पटींवर येतो. म्हणून कव्हर पाहताना पाठीची जाडी पाहू नका, चार कोपरे पाहा. कोपऱ्यात आतून पोकळी सोडलेली असेल, तर कव्हराला दबायला जागा मिळते. पाठ जाड आणि कोपरे पातळ असलेलं कव्हर नुसतंच ओझं.

मात्र कव्हराच्या ताकदीलाही मर्यादा आहे. सपाट फरशीवर पालथा पडलेला फोन कव्हराच्या पुढे आलेल्या काठामुळे वाचतो, पण खडीवर किंवा खडबडीत रस्त्यावर पालथा पडला, तर दगडाचं टोक त्या काठाला चुकवून थेट काचेवर बसतं. तिथे कव्हराचा उपयोग नाही. झालाच तर टेम्पर्ड ग्लासचा होतो, आणि तोही नशिबाने. ज्या फोनचा डिस्प्ले बाजूंना वळलेला असतो, त्यात कव्हराला बाजूचा काठ फारसा पुढे काढता येत नाही, त्यामुळे तिथे संरक्षण आणखी कमी.

आता मूळ मुद्दा. काचेच्या पाठीचा उघडा फोन घसरतो. हातातून घसरतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण हात लावलेला नसतानाही घसरतो, आणि माझ्या मते या एका त्रासापुढे बाकीचे सगळे मुद्दे दुय्यम ठरतात. सोफ्याच्या हातावर ठेवलेला फोन दहा मिनिटांनी खाली सापडतो. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला, तर गठ्ठ्याच्या किंचित उताराने हळूहळू काठाकडे जातो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर पाककृती उघडून ठेवलेली असते, शेजारी मिक्सर चालू होतो, आणि त्या थरथरीने फोन सरकत सरकत सिंकच्या दिशेला निघतो. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन टेबलाच्या कडेला असेल, तर तीन-चार कॉलमध्ये त्याची दिशा बदललेली दिसते. चार्जिंगला लावलेल्या फोनची केबल टेबलावरून खाली लोंबत असेल, तर तिच्या वजनानेही तो ओढला जातो. यातल्या एकाही वेळी वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा नसतो. काच गुळगुळीत, तिच्याखालचा ग्रॅनाइट किंवा सनमायकाही गुळगुळीत, आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन पाठीवर पूर्ण टेकण्याऐवजी दोन-तीन ठिकाणीच टेकलेला. मग त्याला धरून ठेवणार काय?

हे घरच्या घरी तपासता येतं. जाड पुठ्ठ्याच्या वहीवर फोन आडवा ठेवा, वही पलंगावर ठेवा आणि तिची एक कड हळूहळू उचला. उघडा काचेचा फोन थोड्याशा उताराला सुटतो. टीपीयूचं, म्हणजे नेहमीचं लवचीक प्लास्टिकचं साधं कव्हर घातलेला तोच फोन वही बरीच तिरपी होईपर्यंत चिकटून राहतो. म्हणूनच कव्हराचं पहिलं काम मी फोन पडू न देणं हे धरतो. पडल्यावर वाचवणं हे दुसरं. या कामाला जाडजूड चिलखती कव्हर लागत नाही, दीड मिलिमीटरचं खरखरीत पाठीचं कव्हर पुरतं.

उघड्या फोनची बाजूही लंगडी नाही, आणि तिच्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा उष्णतेचा. फोनच्या आतली उष्णता पाठीतून आणि चौकटीतून बाहेर पडते. प्लास्टिकचा थर ती अडवतो. आयफोनसाठी ॲपल ० ते ३५ अंश सेल्सिअस हे भोवतालचं तापमान योग्य मानते, आणि चार्जिंग करताना फोन तापत असेल, तर आधी कव्हर काढायला सांगते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. त्या उन्हात गाडीच्या काचेमागे नकाशा चालू, चार्जर लावलेला आणि वर जाड कव्हर, अशी अवस्था असेल तर स्क्रीन आपोआप अंधूक होते, चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, आणि हे रोज होत राहिलं तर बॅटरी लवकर म्हातारी होते. तासन् तास गेम खेळणाऱ्यांनाही हेच लागू. अशा वेळी कव्हर काढून ठेवणं बरं. त्यामुळे जे कव्हर दहा सेकंदांत निघत नाही, ते आपल्या हवामानात गैरसोयीचं.

दुसरा मुद्दा आत अडकणाऱ्या धुळीचा. धुळीतली रेती म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्ज मापावर त्याचा क्रमांक ७, आणि फोनच्या काचेवर साधारण ६-७लाच चरे पडू लागतात. कव्हर आणि चौकट यांच्या मध्ये असे कण शिरले आणि खिशात दिवसभर घासत राहिले, की वर्षभराने कव्हर काढल्यावर चार्जिंगच्या पिनच्या आजूबाजूला आणि कॅमेऱ्याच्या कडेला रंग उडालेला दिसतो. पॉलीकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कव्हरात हे जास्त होतं, कारण ते कडांना घट्ट दाबून बसतं आणि स्वतः दबत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात धुळीच्या जोडीला ओलही आत राहते. फोनला आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा असला, तरी कव्हरामुळे त्यात भर पडत नाही. उलट भिजलेला फोन कव्हरासकट ठेवला, तर पाणी स्पीकरच्या जाळीपाशी आणि पिनपाशी जास्त वेळ थांबतं. भिजला की कव्हर आधी काढायचं.

बाकी तक्रारी छोट्या आहेत, पण रोजच्या आहेत. कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची सवय असेल, तर उंच काठ प्रत्येक वेळी बोटाला टोचतो. कव्हरामुळे फोन ३ मिलिमीटरने रुंद होतो आणि लहान हाताला ते जाणवतं. वजन साध्या कव्हराने २० ते ३५ ग्रॅमने वाढतं.

आता दुरुस्तीकडे पाहू, कारण तराजू इथेही झुकतो. बहुतेक अँड्रॉइड फोनची मागची काच वेगळी चिकटवलेली असते. गरम करून, पातळ पट्टी घालून ती निघते आणि नवी लागते. आयफोनचं तसं नव्हतं. २०१७च्या आयफोन ८पासून पाठ पुन्हा काचेची झाली आणि पुढे आयफोन १३पर्यंत ती चौकटीला पक्की जोडलेली होती. दुरुस्तीवाल्यांना लेझर मशीनने गोंद जाळून काचेचे तुकडे खरवडून काढावे लागत. २०२२च्या आयफोन १४ आणि १४ प्लसमध्ये पाठ वेगळी निघू लागली, १४ प्रोमध्ये नाही, आणि २०२३च्या १५ मालिकेत ती सगळ्यांनाच वेगळी आली. म्हणजे जुना आयफोन सेकंडहँड घेतलेल्या माणसाने उघडा फोन वापरण्याआधी दोनदा विचार करावा. फोन कोणताही असो, एकदा पाठ उघडली की पाणी अडवणारा कडेचा गोंद तुटतो. तो नीट नव्याने लावला नाही, तर आयपी६८ नुसता खोक्यावर राहतो. समोरचा कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टच, गेला तर खर्च किती होतो हे कुणाला सांगायला नको.

ज्यांना कव्हर नाही घातलं तरी चालेल, असे फोनही आहेत. पाठ प्लास्टिकची असलेले, उदाहरणार्थ २०२१चा साधा गॅलॅक्सी एस२१, किंवा चामड्यासारख्या पोताची पाठ असलेले अनेक फोन हाताला घट्ट बसतात आणि टेबलावर सरकत नाहीत. अशा फोनला घसरण्याचा मूळ आजारच नसतो, त्यामुळे कव्हर न घालण्याचा निर्णय तिथे समजण्यासारखा आहे. चार-पाच वर्षं वापरलेला, विकायचा नसलेला फोनही यातच येतो.

काचेच्या पाठीचा फोन असेल, तर मात्र माझा कल कव्हराकडे. मग कोणतं? मॅट, खरखरीत कडांचं टीपीयू हे मला सगळ्यात समतोल वाटतं. पारदर्शक टीपीयू स्वस्त असतं, पण ऊन आणि उष्णतेने काही महिन्यांत पिवळं पडतं. तो मळ नसतो, प्लास्टिकमध्येच झालेला बदल असतो. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट लावून वरचा मळ निघेल, पिवळेपणा जात नाही. पारदर्शक घ्यायचंच असेल, तर आतून बारीक ठिपक्यांचं घ्या. नाहीतर काचेला चिकटून पाण्याचे डाग असल्यासारखे पट्टे दिसतात. सिलिकॉन पकड फार देतं, इतकी की जीन्सच्या खिशातून काढताना अस्तर बाहेर येतं, आणि सुती कपड्यांचा धागा-धूळ त्याला चिकटते. अरामिड, म्हणजे केव्हलरसारख्या मजबूत कृत्रिम धाग्याचं कव्हर १ मिलिमीटरहून पातळ, सुंदर, पण महाग, आणि बऱ्याचदा गुळगुळीतच. पाहायला कार्बन फायबरसारखं असलं, तरी अरामिड वीज वाहत नाही, म्हणून सिग्नलला अडथळा करत नाही. फ्लिप कव्हरातलं चुंबक फोनच्या होकायंत्राला फसवतं. नकाशात बाण भलतीकडे वळत असेल, तर आधी फ्लिप कव्हर काढून पाहा. वायरलेस चार्जिंग साधारण ३ मिलिमीटरपर्यंतच्या कव्हरातून चालतं, पण गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी पाठीला लोखंडी चकती चिकटवली असेल, तर चार्जिंग होत नाही आणि चकती तापते.

दुकानात फोन सोबत न्या आणि पाच मिनिटं द्या. कव्हर घालून फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवा. स्क्रीनखालून व्हिजिटिंग कार्ड आरपार, न घासता गेलं पाहिजे. हे टेम्पर्ड ग्लास लावलेली असताना पाहायचं, कारण ०.३ मिलिमीटरची ती काच काठाची तेवढी उंची खाऊन टाकते. मग उताणा ठेवून कॅमेऱ्याची काच काउंटरला टेकत नाही ना, हे बघा. स्वतःच्या चार्जरची केबल लावा. काही केबलींचं टोक जाड असतं, कव्हराच्या खाचेत ते पूर्ण बसत नाही आणि चार्जिंग होत-तुटत राहतं. लोक पिन खराब झाली म्हणून दुरुस्तीला जातात, दोष कव्हराचा असतो. वरच्या कडेला आवाजातला गोंगाट कमी करणारा दुसरा माइक असतो, त्याचं भोक स्वस्त कव्हरात बरोबर जागी नसेल, तर समोरच्याला आपला आवाज दबका येतो. कव्हर घालून आणि काढून अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ऐकलं की कळतं. अंधाऱ्या कोपऱ्यात फ्लॅश मारून एक फोटो काढा. पांढरट धुकं दिसलं, तर कव्हराची कड फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्यात परतवते आहे. शेवटी बटणं दाबा. पॉवरच्या बटणातच बोटाचा ठसा घेणारा फोन असेल, तर तिथे कव्हर उघडं हवं.

घातल्यावर पंधरा दिवसांतून एकदा काढायचं. काढताना वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. खालची चार्जिंगची खाच हा कव्हराचा सगळ्यात पातळ भाग असतो, तिथे ओढलं की तो ताणला जातो आणि धूळ तिथूनच शिरते. टीपीयू किंवा सिलिकॉन कोमट पाण्यात, भांडी धुण्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा, बटणांच्या आतली बाजू आणि कोपरे मऊ टूथब्रशने घासा, आणि सावलीत दोन-तीन तास वाळू द्या. ओलं असताना घालू नका. तोवर फोनच्या चौकटीवरचे कण आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि मगच फडक्याने पुसा, थेट पुसलं तर तेच कण चरे पाडतात. कोपरा बोटाने सहज २ मिलिमीटर बाहेर ओढता येऊ लागला, की नवं कव्हर आणायची वेळ झाली.