पुडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी खाज थांबली

माझी फसवणूक झाली ती औषध लागू पडल्यामुळे. काहीच फरक पडला नसता तर पहिल्या महिन्यानंतर मी तोंडातल्या तोंडात चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो आणि दहा-अकरा हजारांवर प्रकरण मिटलं असतं. पण पहिली पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मान खाजत नव्हती. महिन्याभरात पहिल्यांदा सलग सात तास झोप लागली होती. त्या झोपेपायी पुढे 31,300 रुपये आणि जवळजवळ वर्षभराची तब्येत गेली.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. हडपसरला राहतो, एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बायकोला धूळ सहन होत नाही, मुलाला लहानपणी बालदमा होता, आणि घरात मीच काय तो दगडासारखा. पुरंदर तालुक्यात वडिलांची दोन एकर जमीन आहे. 2020 च्या टाळेबंदीत तिकडे जाऊन राहिलो आणि शेतीचा नाद लागला. तेव्हापासून शनिवार-रविवार शेतावर. बांधावरचं, विहिरीच्या कडेचं गाजर गवत मी स्वतः उपटायचो. हातमोजे वगैरे काही नाही, कवळ्या छातीशी धरून उचलायच्या आणि उकिरड्यावर टाकायच्या. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. चार पावसाळे उपटलं, अंगावर साधं पुरळ उठलं नाही.

पाचव्या पावसाळ्यात, 2024 च्या जूनअखेरीस, एका सोमवारी सकाळी पापण्या सुजल्या. मग मान, कानामागची जागा, कोपराची लवण. आधी लाल, मग खरखरीत, मग पाणी सुटायला लागलं. रात्री खाजवून खाजवून उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग. आई म्हणाली पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. लावलं. आठवडाभर अंगाला सोलकढीचा वास येत राहिला, बाकी काही नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक मलम आणि रात्री घ्यायची गोळी दिली. म्हणाले, ॲलर्जीच दिसतेय, कशाची ते शोधायला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मी विचारलं, पण डॉक्टर, सत्तेचाळीस वर्षं काही नव्हतं, आत्ताच का? ते म्हणाले, होतं असं, कुठल्याही वयात सुरू होऊ शकते. बाहेर वीस माणसं थांबली होती.

"होतं असं" या उत्तरानं माझं काही समाधान झालं नाही. माझ्या डोक्यात ॲलर्जी म्हणजे लहान मुलांचं, शहरी, नाजूक माणसांचं दुखणं. मला कसं होईल? काहीतरी वेगळंच असणार, डॉक्टरला कळलेलं नाही. या खड्ड्यात मी आपल्या पायानंच उतरलो होतो, पुढे कुणीतरी फक्त माती लोटली.

मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, रविवारी शिबिर आहे, एकदा जाऊन तर या. माझ्या मित्राच्या वडिलांचा दमा गेला." जुलैचा शेवटचा रविवार. शहराबाहेरचं एक मंगल कार्यालय, नोंदणी 500 रुपये, शंभरेक माणसं रांगेत. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरनं जोडलेली पितळेची कांडी. ती मुठीत धरायची. दोन मिनिटं टीं टीं आवाज होतो आणि प्रिंटरमधून चार पानं बाहेर येतात. पानभर लाल-हिरव्या पट्ट्या. मला म्हणे अडतीस पदार्थांची ॲलर्जी. गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणा, आणि त्याच यादीत ब्लूबेरी आणि सॅमन मासा. ब्लूबेरी मी आयुष्यात खाल्लेली नाही. कुठल्या तरी परदेशी सॉफ्टवेअरची यादी जशीच्या तशी छापून येत होती, हे तेव्हा समोर दिसत असून कळलं नाही. यादीत गाजर गवत नव्हतं. त्या कार्यालयाच्या फाटकापाशी, मी स्कूटर लावली तिथं, ते गुडघाभर उभं होतं.

मग आतल्या खोलीत वैद्यराज. भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, पण पदवी कुठली ते अंतरावरून वाचता येऊ नये इतकी वर टांगलेली. माणूस गोड. माझा हात हातात घेतला आणि मी न विचारताच म्हणाले, "साहेब, मला सांगा, सत्तेचाळीस वर्षं तुम्हाला काही नव्हतं. मग हे आत्ताच का झालं?"

माझाच प्रश्न! मी पाघळलो. ते म्हणाले, इतक्या वर्षांचं विष रक्तात साठलंय, खतं, फवारण्या, बाहेरचं तेल. शरीर भरलं की ते कातडीतून फुटतं. डॉक्टर मलम लावून ते आत दाबतात, आम्ही बाहेर काढतो. माझ्या प्रत्येक शंकेला त्यांच्याकडे गोष्टीसारखं सरळ उत्तर होतं. आज वाटतं, खऱ्या डॉक्टरचं उत्तर ऐकायला कंटाळवाणं होतं आणि यांचं ऐकायला छान होतं, एवढ्यावरच मी निवड केली.

3,600 रुपयांचा "शुद्धी संच" आणि महिन्याला 6,800 रुपयांच्या पुड्या. तपकिरी भुकटी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, सकाळी एक, संध्याकाळी एक. बाहेर काही लिहिलेलं नाही. आत काय आहे विचारलं तर "आजोबांपासूनचं गुप्त सूत्र". बिल मागितलं तर हसले, "बिल केलं तर जीएसटी लागेल साहेब." पैसे ज्या खात्यावर गेले ते नाव तिसऱ्याच कुणाचं तरी. आणि निघताना दोनदा बजावलं, पुडी एक दिवसही चुकवायची नाही, चुकली तर विष उलटेल. ही धमकी मात्र खरी निघाली, कशी ते पुढे येईलच.

मी आयुर्वेदाला नावं ठेवत नाही. माझी मावशी तीस वर्षं एका वैद्यांकडे जाते. ते नाव-पत्त्याच्या कागदावर औषध लिहून देतात, काय दिलं ते सांगतात. दुकानातल्या साध्या चूर्णाच्या डबीवरसुद्धा घटक, उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर छापलेला असतो. मी स्टोअर सांभाळणारा माणूस. लेबल नसलेला नटबोल्टचा खोका आत घेत नाही. ही पुडी मात्र चार महिने पोटात घेत होतो.

ऑगस्टमध्ये कातडी स्वच्छ. भूक अशी लागायची की रात्री अकराला उठून पोळी-गूळ खायचो. पोळी "बंद" यादीत होती, पण यादी मी केव्हाच सोडली होती, तरी त्रास नाही! तिथंही डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट मी प्रचारकच झालो. भेटेल त्याला मान दाखवायचो. तीन माणसांना मी स्वतः त्या पत्त्यावर पाठवलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

सप्टेंबरपासून चेहरा गोल व्हायला लागला. लोक म्हणायचे तब्येत सुधारली. वजन 68 वरून 79 किलो झालं, पण हातपाय काटकीसारखे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. जरा कुठं आपटलं की जांभळा डाग. पोटावर जांभळट रुंद रेघा उमटल्या, गरोदर बाईच्या पोटावर उमटतात तशा. बायको म्हणाली, हे काही बरोबर नाही. वैद्यराजांना फोन केला. "विष बाहेर पडतंय, शुभ लक्षण आहे."

नोव्हेंबरच्या शेवटी चुलतभावाच्या मुलीचं लग्न कोल्हापूरला. गडबडीत पुड्या घरीच राहिल्या. चार दिवसांनं काय होतंय, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून अंगातलं त्राण गेलं, तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी अक्षता टाकायला उभा राहिलो तो डोळ्यांपुढे अंधारी येऊन मांडवातच खाली बसलो. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खूप खाली गेला होता. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी माझा चेहरा बघितला, शर्ट वर करून पोटावरच्या रेघा बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, कुठली पुडी घेता?"

सकाळी आठला रक्त घेऊन कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तपासलं. 1.2 आलं. त्या वेळेला ते याच्या कितीतरी पट असायला हवं. मॅडमनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं: आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, येत राहिलं की त्या काम सोडून झोपी जातात. मग बाहेरचा पुरवठा अचानक तुटला की शरीराकडे काहीच उरत नाही, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पुडीत स्टेरॉइड होतं. खाज थांबली ती त्यानं, गाल फुगले ते त्यानं, उपाशीपोटी साखर 168 झाली तीही त्यानंच. एक दिवसही चुकवू नका, असं वैद्यराज का बजावत होते ते त्या खाटेवर पडल्यापडल्या कळलं. त्यांना पक्कं माहीत होतं पुडीत काय आहे.

गंमत म्हणजे उपचार म्हणून मला स्टेरॉइडच दिलं. पण गोळीवर नाव होतं, मात्रा लिहिलेली होती, आणि ती आठवड्या-आठवड्यानं कमी करत आणायची होती. ते चाललं पुढच्या मे महिन्यापर्यंत. पुडी सुटली तशी खाज दुपटीनं परत आली, तोही काळ काढला.

खरं कारण सापडलं फेब्रुवारीत. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. त्याआधी त्या दोन महिने थांबल्या, कारण अंगात जास्त मात्रेचं स्टेरॉइड असताना ही चाचणी खोटीच कोरी येऊ शकते. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येकीत एक पदार्थ. दोन दिवस त्या तशाच ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही. मग पट्ट्या काढून बघतात, आणि पुन्हा एकदा चौथ्या दिवशी. माझ्या पाठीवर एकच चौकोन लालभडक, वर बारीक फोड आलेले. गाजर गवत. चाचणीला 2,200 रुपये लागले, पुड्यांच्या दहा दिवसांच्या खर्चाइतके.

आणि मी परत तोच प्रश्न विचारला. आत्ताच का? चार वर्षं उपटत होतो ना? बाईंनी शांतपणे सांगितलं, चार वर्षं उपटलंत म्हणूनच. या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. कातडीला ते पुन्हापुन्हा लागत राहिलं की शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. ते शिकण्यात काही वर्षं जाऊ शकतात, त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. एकदा ओळख पक्की झाली की मग हातही लावावा लागत नाही, वाळलेल्या गवताची वाऱ्यावर उडणारी धूळ पापण्यांना आणि मानेला पुरते. शिंका, अंगावर उठणाऱ्या गांधी, दमा या ॲलर्जीच्या रक्तचाचण्या वेगळ्या. ही जात त्या चाचण्यांत दिसत नाही. आणि पितळेची कांडी मुठीत धरून तर कुठलीच ॲलर्जी दिसत नाही. हे सगळं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. जुलैत मला ही दहा मिनिटं मिळाली असती तर, असं वाटतं. पण मीच तज्ज्ञाकडे गेलो नव्हतो, मंगल कार्यालयात गेलो होतो.

हे गवत भारतात पसरतंय याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच, 1955-56 च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सगळेच सांगतात. एक झाड हजारोंनी बी टाकतं. आता माझा मुलगा ते फुलावर येण्याआधी उपटतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रबरी हातमोजे घालून, आणि मी त्या दिवशी शेतावर पाऊल टाकत नाही. शेवंतीही त्याच कुळातली, म्हणून सत्काराला हार आला की मी हात जोडून मागे सरकतो. लोकांना तो विनय वाटतो.

वैद्यराजांचा फोन डिसेंबरपासून बंद आहे. मंगल कार्यालयवाले म्हणतात, हॉल भाड्यानं दिला होता, आम्हाला काय माहीत. उरलेल्या अकरा पुड्या मी तक्रारीबरोबर अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत. पैसे पाठवल्याचे मोबाइलवरचे चार पुरावे होते म्हणून तक्रारीला काही आकार तरी आला. पहिले 4,100 रोख दिले होते, त्यांचा मागमूस नाही.

मी पाठवलेल्या तिघांना मी स्वतः जाऊन भेटलो. दोघांना सांगितलं, पुडी आजच्या आज फेकू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि ते सांगतील तशी सोडा. ते गेले, आता बरे आहेत. तिसरे आमच्याच इमारतीतले काका. ते म्हणाले, "मला गुण आहे, तू कशाला विघ्न आणतोस?" त्यांना पुड्या आता दुसऱ्याच कुणाकडून कुरिअरनं येतात. गणपतीत आरतीला भेटले, चेहरा छान गोल झालाय.

मागच्या आठवड्यात नाशिकहून एका शाळेतल्या मित्राचा मेसेज आला. बायकोला पन्नाशीत अंगावर चट्टे उठायला लागलेत, तुला कुणा वैद्यांचा गुण आला म्हणे, नंबर दे. मी नंबर दिला नाही. नोव्हेंबरमधल्या लग्नातला माझा एक फोटो पाठवला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "हे वैद्य का?"