पितळी कर्ण्याचा ‘जुना’ ग्रामोफोन घेताय? आधी हे वाचा

मी बेळगावात शहापूरला राहतो, पेटी वाजवतो. दोन वर्षांपासून जुन्या ध्वनिमुद्रणाचं वेड लागलंय. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गायसबर्ग कोलकात्याला आला, तिथल्या नामवंत गायिका गौहरजान कर्ण्यापुढे गायल्या आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, हे वाचलं आणि झोपच उडाली. माइक नाही, वीज नाही. आवाजानं पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. सगळा राग जेमतेम 3 मिनिटांत मांडायचा! ते गाणं किल्ली देऊन, कर्ण्यातूनच ऐकायचं होतं मला.

मोबाइलवर जाहिरात दिसली आणि मी निपाणीला गेलो. “आजोबांच्या वेळचं हाय, घ्या की. असलं आता मिळंना झालंय,” विकणारा म्हणाला. लखलखीत पितळी कर्णा, पेटीवर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या कुत्र्याचा बिल्ला. अर्धा मिनिट वाजवूनही दाखवला. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणाला, तसे मी शिकवण्यांचे साठवलेले 18,000 रुपये उभ्या उभ्या पाठवले. पावती मागितली नाही.

घरी आजीच्या ट्रंकेतली अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली. पहिली आलापी आली आणि अंगावर काटा आला. मग आवाज घरघरायला लागला, चकती मंदावली. सुई उचलून बघतो तर खाचांवर करडा पट्टा आणि कडेला बारीक काळी पूड. आजी काही बोलली नाही, नुसती रेकॉर्डवरून बोट फिरवत राहिली.

आमच्या पेट्या दुरुस्त करणारे मामा आहेत, त्यांनी ग्रामोफोनची पेटी उघडली. आत फुलीच्या खाचेचे स्क्रू. “बाळा, एवढ्या जुन्या यंत्रात हे कुठनं येणार? तेव्हा सरळ खाचेचे असायचे.” मोटर हातात न्यायच्या लहान ग्रामोफोनची, कर्णा नवा, लाकडाला रंग देऊन जुनं केलेलं. साउंडबॉक्समध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या गोल डबीत, अभ्रकाच्या पडद्याजागी प्लॅस्टिक. सुईही वापरलेली. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची पूड असते, ती सुई झिजवते, म्हणून पोलादी सुई रेकॉर्डच्या दर बाजूला बदलायची असते. मला हे माहीत होतं, तरी त्यानं “नवीच हाय” म्हटलं आणि मी विश्वास ठेवला.

म्हणून हात जोडून सांगतो, जाणकार सोबत न्या. खालची फळी उघडून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पूर्ण बाजू वाजवून घ्या, पण त्याच्याकडच्या रेकॉर्डवर. घरातली रेकॉर्ड पहिल्या दिवशी लावूच नका. आणि पितळ चकाकतंय म्हणून भुलू नका, मी त्यालाच भुललो.

त्याचा फोन आता लागत नाही. परवा तोच फोटो पुन्हा दिसला, कर्ण्यावर तोच पोचा. नाव वेगळं, गाव गडहिंग्लज, किंमत 22,000. खाली लिहिलंय, ‘आजोबांची आठवण’.