नसलेल्या ऑइलचे साडेसहा हजार

साताऱ्याहून पुण्याला येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर स्टिअरिंग जड लागायला लागलं. घरची मंडळी सोबत, त्यात संध्याकाळ झालेली. हायवेवर दिसलेल्या पहिल्याच गॅरेजात गाडी घातली.

मिस्त्रीने गाडीखाली पुठ्ठा सरकवला, आत घुसला आणि बाहेर येऊन पुठ्ठ्यावरचे लाल थेंब दाखवले. "पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय साहेब, पंप खोलावा लागेल." तासाभराने ६,५०० रुपयांचं बिल. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, बदलला नाही, रिपेअर केलाय. वर दिलदारपणे, "पुढच्या टायरांत हवा पार उतरली होती, भरलीय. तिचे पैसे नकोत."

स्टिअरिंग खरंच हलकं झालं होतं. मी त्याला चहाला पन्नास रुपये दिले, हेही सांगून टाकतो.

दर महिन्याला लेव्हल बघा, असं त्याने बजावलेलं. म्हणून रविवारी बॉनेट उघडलं, तर ऑइलची बाटलीच सापडेना. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांना हाक मारली. ते हसायलाच लागले. माझ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक. मोटरवर चालतं. त्यात ना ऑइल, ना पंप!

काकांनी तिथेच दाखवलं. इंजिन बंद असताना स्टिअरिंग हलकंसं एका बाजूला ओढून धरायचं आणि गाडी स्टार्ट करायची. ते लगेच सैल पडलं तर मोटर मदत करतेय. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागतो, तो स्टार्ट केल्यावर विझायला हवा. नाही विझला तर बिघाड मोटरचा, वायरिंगचा किंवा उतरलेल्या बॅटरीचा असू शकतो, ऑइलचा नक्कीच नाही. जुन्या हायड्रॉलिक गाडीत मात्र बॉनेटखाली बाटली असते, तिच्यावर मिन-मॅक्सच्या खुणा असतात. ऑइल कमी झालं की वळवताना पंप कण्हतो. आपल्या गाडीत यातलं कोणतं आहे, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. माझं मॅन्युअल डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेलं.

आणि जडपणा? टायरांत हवा कमी असली की स्टिअरिंग जडच लागतं. म्हणजे खरं काम त्याने फुकट केलं आणि पैसे घेतले न केलेल्या कामाचे.

बिलावर नंबर होता, फोन लावला. शांतपणे म्हणाला, "स्टिअरिंग हलकं झालं ना साहेब? मग?"