लोक अभिरक्षक कार्यालय : फुकटचा वकील म्हणून टाळू नका

भाच्याच्या केसमध्ये आम्ही लोक अभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे आरोपीला मोफत बचावाचा वकील देणारी सेवा घेतली. काम चोख झालं, म्हणून लिहितोय. आमच्या बीड-परभणीच्या पट्ट्यात अजून लोकांना वाटतं, फुकटचा वकील म्हणजे तारखेला नुसता उभा राहणारा. तसं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या हाताखालच्या या कार्यालयातले वकील पगारी असतात, फौजदारी बचावाचंच काम करतात, खाजगी केस घेत नाहीत.

भाच्यावर विहिरीवरची मोटार चोरल्याचा गुन्हा. पहिल्या रिमांडला (अटकेनंतर कोठडीसाठी कोर्टापुढं उभं केलं तेव्हा) आम्हाला या सेवेचं कुणी सांगितलं नाही. आरोपीला हा हक्क सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टानं बिहारमधल्या भागलपूरच्या, पोलिसांनी आंधळ्या केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात कधीच बजावलंय. तिथं राग येतो.

ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी "चोरी केली का" हे विचारलंच नाही. अटक किती वाजता दाखवली, पंच कोण, पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, हे विचारलं. एफआयआर ओळीला पेन्सिल लावून वाचला. फिर्यादीत नाव अज्ञात. भाच्याचं नाव आलं ते दुसऱ्या संशयितानं पोलिसांपुढं सांगितल्यामुळं, आणि असं बोलणं पुरावा धरत नाहीत. मोटार भाच्याकडं सापडली नव्हती. साध्या चोरीला पहिल्या वेळी शिक्षा ३ वर्षांपर्यंत. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची, हे पोलिसांना लिहावं लागतं (नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५). त्या कागदावर नुसता छापील मजकूर होता. मॅडमनी युक्तिवादात तेवढंच धरून ठेवलं. जामीन झाला.

पण मला पटलं ते वेगळंच. भावकीतल्या एकानं सुचवलं, "पोरगं त्या रात्री आमच्याकडं होतं म्हणून सांगू." मॅडमनी फाईल मिटली. म्हणाल्या, "मामा, असला साक्षीदार मी कोर्टात उभा करणार नाही. पोलिसांना जे सिद्ध करता येत नाही, ते मी मान्य करणार नाही. आणि खोटं मी पुढं करणार नाही."

फिर्यादी आमच्याच शिवारातला. गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत त्याची मोटार गेली, त्याचं नुकसान खरं आहे. मी विचारलं, उद्या भाच्यानंच केलं असं निघालं तर? त्या म्हणाल्या, "ते ठरवायला न्यायाधीश आहेत. वकिलानंच आधी ठरवून टाकलं तर खटला कशाला?" बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात गावात तिच्याशी सरळ बोलणारं माणूसच नव्हतं.

तक्रार एकच. वकील कमी, कामं फार. जेवणाच्या सुट्टीनंतरपर्यंत बाकावर बसावं लागलं. जामीन झाल्यावर जामीनदार, त्याचा सातबारा, ऐपतीचे कागद यातच जास्त वेळ गेला. ते कागद आधीच जमवून ठेवा.

कोठडीतला माणूस, बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत. एफआयआरची प्रत आणि आधार घेऊन जा. कार्यालय सापडलं नाही तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन लावा, पहिल्या रिमांडच्या आधीच.