रोज नवं झाड: क्लाइंबर, स्टिक, सॅडल की एकच स्टिक?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा पहिला टप्पा १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १४ नोव्हेंबरला संपतो. १५ पासून बंदूकवाले जंगलात उतरतात. धनुष्यवाला झाडावर चढून, वर बसून हरणाची वाट पाहतो. सरकारी जंगलात एकाच झाडावर पुन्हा पुन्हा बसलं की हरणं ती जागा टाळू लागतात. त्यामुळे वारा आणि माग पाहून रोज नवं झाड धरायचं आणि सगळं सामान पाठीवर न्यायचं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद असल्याने इथे आलेल्या मराठी माणसाला हे नवंच असतं. पण सह्याद्रीत रॅपलिंग, म्हणजे दोरीवरून खाली उतरणं, केलेल्याला यातल्या दोऱ्या लगेच ओळखीच्या वाटतील.

क्लाइंबर स्टँड म्हणजे खोडावर सरकवत वर न्यायचं आसन. त्याचे दोन भाग असतात. वरचा हातांनी सरकवायचा, खालचा पायांनी ओढून घ्यायचा, असं सुरवंटासारखं वर जायचं. वजन साधारण ९ किलो. बसायला याच्याइतकं आरामदायी दुसरं काही नाही. अट एवढीच की खोड माडासारखं हवं: सरळ, बिनफांदीचं. पाइनच्या लागवडीत अशी झाडं हवी तेवढी मिळतात. पण हरणं येतात ती ओकच्या फळांवर, आणि ओकला फांद्या असतात. मग झाड हरणांच्या वाटेवरून नाही, स्टँडच्या सोयीने निवडलं जातं. माझ्या मते या स्टँडचा खरा दोष वजन नाही, हा आहे.

खोडाला बांधायचा फळीचा स्टँड आणि चार स्टिका (खोडाला पट्ट्याने बांधायच्या, पायऱ्या असलेल्या दांड्या) घेतल्या तर झाड कुठलंही चालतं, पण ओझं पुन्हा ९-१० किलोच.

सॅडल म्हणजे कमरेखाली बसणारा रुंद पट्टा. खोडाला बांधलेल्या दोरीवर, म्हणजे टेदरवर, त्यात रेलून बसायचं आणि पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर टेकवायचे. तीन-चार हलक्या स्टिका धरून सगळं ५ ते ७ किलोंत बसतं. चढताना कमरेची दोरी खोडाभोवती घेतलेली असते, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. वाकडं झाड, फाटे फुटलेलं झाड, काहीही चालतं. फांदी आडवी आली तर आधी दुसरी दोरी फांदीच्या वर बांधायची आणि मगच पहिली सोडायची. घाई होते ती नेमकी इथे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: एक क्षणही बिनदोरीचं राहायचं नाही. स्टिकांचा दुसरा त्रास आवाजाचा. थंडीच्या पहाटे धातूवर धातू आपटला की लांबवर ऐकू जातं. त्यांना कापडी टेप गुंडाळून घ्या.

एका स्टिकने चढणं सर्वांत हलकं, साधारण ४ किलो. स्टिक बांधा, चढा, टेदर वर सरकवा, सॅडलमध्ये लटका, खालची स्टिक सोडवून वर बांधा. सहा मीटरसाठी हे पाच-सहा वेळा. उतरताना दोरीवरून रॅपल करायचं आणि बारीक दोरी ओढून मुख्य दोरी खाली काढायची. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण आपण सतत दोरीवर असतो आणि अंधारात स्टिका चाचपत उतरावं लागत नाही. पण मेहनत जास्त, घाम जास्त, आणि नोव्हेंबरात तोच घाम तासाभराने हुडहुडी भरवतो. जाड जॅकेट पाठीवर बांधून न्या, वर पोचल्यावर घाला.

खोडात घुसणाऱ्या स्क्रूच्या पायऱ्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण मिशिगनच्या सरकारी जमिनीवर त्या बेकायदा आहेत. त्यांचा विचार सोडा.

पहिलाच हंगाम असेल तर सॅडल आणि चार स्टिका घ्या. पुढे सॅडल तोच राहतो, फक्त तीन स्टिका घरी ठेवून एका स्टिकवर येता येतं. गाडीपासून पाचशे पावलांवर पाइनमध्येच बसणार असाल किंवा गुडघे दुखत असतील, तर क्लाइंबरच बरा. बीच नावाच्या झाडाच्या गुळगुळीत सालीवर दव गोठलं की स्टिक निसटू शकते, तिथे पट्टा जास्त कसून बांधा.

सराव जमिनीपासून दोन फुटांवर सुरू करा, आधी उजेडात, मग हातमोजे घालून अंधारात. धनुष्य अंगावर घेऊन चढू नका. वर पोचून दोरी बांधली की मगच ते ओढून घ्या, बाण भात्यात ठेवूनच.