डीलरची दोन्ही पानं उघडी होती, तरी माझे २,२८,६८९ रुपये गेले

ॲपवर पैसे लावून पत्ते खेळताना मी फसलो. आधी आकडे सांगतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. कुठल्या हाताला कसं खेळायचं ते सांगणाऱ्या ‘चार्ट’चे ४,९९९. टेबलावर टाकलेले १०,०००, मग २५,०००, मग ५०,०००, मग ८०,०००. शेवटी ‘टॅक्स’ म्हणून ६१,८९०. त्यातले ३,२०० परत आले, ते कशासाठी दिले होते हे तुम्हाला सांगायला नको. निव्वळ गेले २,२८,६८९.

ग्रुपात घ्यायचं, थोडं जिंकू द्यायचं, थोडं काढू द्यायचं, मग गळ ओढायचा, ही पद्धत सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. मराठवाड्यात दामदुप्पट, साखळी योजना आणि बुडालेल्या पतसंस्था यांनी पोळलेला माणूस गल्लीगल्लीत सापडतो. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. ‘महिन्यात दुप्पट’ म्हणणारा कोणी आला असता तर त्याला चहा पाजून वाटेला लावला असता. मला कोणी लालूच दाखवली नाही, गणित दाखवलं. म्हणून हे लिहितोय. जे स्वतःला हिशोबाचे पक्के समजतात त्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावं.

मावसभावाच्या मेहुण्यानं ज्याच्याशी गाठ घालून दिली त्याला सगळे ‘सर’ म्हणायचे. गोव्याच्या बोटीवरच्या कॅसिनोत डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा होतो, असं तो सांगायचा. बोलणं आपल्याकडचंच, ‘काय करायलाव भाऊ’ असं. त्यानं सांगितलेला खेळ ब्लॅकजॅकचाच प्रकार होता, डबल एक्स्पोजर. २१ च्या जवळ जायचं, पुढं गेलात तर फुटलात, हे नेहमीसारखंच. साध्या खेळात डीलरचं एक पान झाकलेलं असतं, इथं दोन्ही पानं तुमच्यासमोर उघडी. सर म्हणाला, “भाऊ, समोरच्याचे पत्ते दिसायलेत आणि तरी हरायचं, एवढं अवघड काम कुणाला जमंल?” मला हे पटलं. तुम्हालाही पटलं असतं, उगाच हसू नका.

खेळ खोटा नाही. १९७९ साली लास व्हेगासच्या ‘वेगास वर्ल्ड’मध्ये बॉब स्टुपाकनं तो आणला आणि तो खरोखर खेळला जातो. पण पानं उघडी करून दिल्यावर कॅसिनो ती भीक दुसऱ्या दारानं वसूल करतो. बरोबरी झाली की पैसे डीलरचे. तुमचे १८, त्याचे १८, की तुम्ही हरलात. साध्या खेळात शंभरातले आठ-नऊ डाव बरोबरीत सुटतात आणि तुमची रक्कम तुमच्याकडे राहते, इथं तीही जाते. दुसरी वसुली ब्लॅकजॅकवर. एक्का आणि दहाच्या किमतीचं पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) पहिल्याच वाटपात आलं तर चांगल्या टेबलावर १,००० ला १,५०० मिळतात, इथं १,००० ला १,०००. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणजे दर शंभर रुपयांमागे सव्वादोन-अडीच रुपये तिथंच कापले गेले. डाव दुप्पट करायला, म्हणजे लावलेली रक्कम दुप्पट करून एकच पान घ्यायला, ९, १० किंवा ११ च पाहिजे, असली बंधनं वेगळीच.

एवढं सगळं धरून, अचूक खेळलात आणि खेळ प्रामाणिक असला, तर कॅसिनोचा फायदा शंभराला सत्तर पैशांच्या आसपास राहतो. वाईट नाही. पण अचूक खेळणं म्हणजे काय ते बघा. डीलरचे २० दिसत असतील आणि तुमचेही २० असतील, तरी तुम्ही पान ओढायचं! थांबलात तर बरोबरी, म्हणजे हार नक्की. ओढलं तर तेरात एकदा एक्का येईल आणि २१ होतील. डीलर १७ वर थांबलेला दिसला की तुम्हाला १८ केल्याशिवाय गत्यंतर नाही, १७ वर बसून राहणं म्हणजे पैसे हातात नेऊन देणं. उलट डीलरकडे पंधरा-सोळा दिसले की १२ वरसुद्धा पान न ओढता थांबायचं, डाव दुप्पट करायची संधी सोडायची नाही, आणि साध्या खेळात कुणी शहाणा फोडत नाही ती राजा-राणीची जोडीही फोडायची, म्हणजे तिचे दोन वेगळे हात करायचे. कारण १६ वर डीलरला पान घ्यावंच लागतं आणि तेरातली आठ पानं त्याला फोडतात, छक्कीपासून राजापर्यंत. शंभरात एकसष्ट-बासष्ट वेळा.

हे सगळं सरच्या चार्टात होतं आणि बरोबर होतं. मी पडताळलं होतं. ४,९९९ ला जे विकलं ते फुकट मिळणारं होतं, एवढाच त्या चार्टाचा दोष. त्याच्या खरेपणानंच मला गाफील केलं. असला चार्ट कुणी विकायला आला तर कागद बरोबर आहे का हे तपासण्यात रात्र घालवू नका, पत्ते कोणाच्या हातात आहेत ते विचारा.

आता तो डाव. हा मी अजून विसरत नाही.

५,००० लावले होते. मला किलवरची पंजी आणि इस्पिकची छक्की, ११. डीलरची दश्शी-छक्की, उघडी, १६. चार्ट म्हणतो दुप्पट कर, मीही दुप्पट केलं, १०,००० झाले. मला नव्वी आली, २०. यापेक्षा चांगला हात कुठला? डीलरनं पान ओढलं. पंजी. २१. किलवरचीच पंजी. माझ्यासमोर एक किलवरची पंजी पडलेली आणि तिच्या डोक्यावर, त्याच स्क्रीनवर, दुसरी किलवरची पंजी. मी बराच वेळ त्या दोन पानांकडे बघत बसलो. टेबलाच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की एकच कॅट वापरतात आणि दर डावाला तो नव्यानं पिसतात. एका कॅटात किलवरची पंजी एकच असते, हे आमच्या घरचं शेंबडं पोरही सांगेल.

मी सरला फोन केला. तो हसला. “आवं भाऊ, आठ कॅट असतेत. गोव्याला बी तसंच. विचारा कुणालाबी.” मी विचारलं, आणि या खेळात बहुतेक ठिकाणी खरंच आठ कॅट असतात. गडी खोटं बोलत नव्हता, फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. प्रश्न होता, मग एकच कॅट असं का लिहिलंय? आणि चार्टाच्या पहिल्या पानावरही ‘एका कॅटसाठी’ का छापलंय? ते विचारायच्या आत त्यानं माझ्या खात्यात ‘नाराजी नको’ म्हणून २,००० चा बोनस टाकला. बोनस म्हणजे काय, स्क्रीनवरचा आकडा. त्याच्या बापाचं काय गेलं!

त्यानंतर बारकाईनं बघितलं तर पाचशे-हजाराच्या डावात डीलर १६ वर नेमानं फुटायचा. ५,००० च्या वर लावले की १६ वर पंजी, १५ वर छक्की, १४ वर सत्ती. कधी फुटलाच नाही असं नाही, तेवढी अक्कल त्यांना होती. सरावाच्या फुकट टेबलावर तर तो सारखा फुटायचा. तुम्ही म्हणाल, दिसत होतं तर थांबला का नाहीत? ८५,००० अडकलेला माणूस कसा विचार करतो ते अडकल्याशिवाय कळत नाही, आणि त्या ५०,००० त सोयाबीनची पट्टी होती. ती काढायलाच मी पुढचे ८०,००० घातले, वायरवाल्याला द्यायचे होते ते. ‘खास टेबल’ म्हणून. आणि तिथं मी जिंकायला लागलो. खात्यावर ४,१२,६०० दिसायला लागले.

पैसे काढायला गेलो तर म्हणे आधी ३० टक्के टीडीएस भरा, १,२३,७८०. मी घासाघीस केली तर निम्म्यावर तयार झाले! सरकारी करात घासाघीस होते का कुठं? ६१,८९० भरले. मग जीएसटी काढला, तेव्हा थांबलो. नंतर ओळखीच्या सीएनं वहीवर मांडून दाखवलं. ऑनलाइन खेळातल्या कमाईवर ३० टक्के कर आयकर कायद्याच्या कलम १९४बीएखाली खरंच होता, पण तो खेळ चालवणारा स्वतः कापून सरकारात भरतो, तुमच्याकडून आधी कुणाच्या तरी यूपीआयवर मागत नाही. आणि तो निव्वळ जिंकलेल्या रकमेवर असतो. माझे टाकलेले १,६५,००० वजा करून आणि काढलेले ३,२०० धरून निव्वळ रक्कम २,५०,८०० आणि कर ७५,२४० झाला असता. म्हणजे चोरांना कर नीट काढताही येत नव्हता. जीएसटी तर टाकलेल्या पैशावर लागायचा, काढताना नाही. पैसे काढण्यासाठी पैसे मागितले की फोन ठेवा, पुढचं वाक्य ऐकू नका.

आता सरकारी दारं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. लागायलाच वेळ गेला. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी नंबर सांगा म्हणाले, वाचता वाचता फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा पहिल्यापासून. नंबर आधीच कागदावर लिहून ठेवा आणि पैसे गेल्या गेल्या, तासाभरात लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकले की ते कुणाच्याच बापाचे नसतात. माझे वेगवेगळ्या नावांवर गेलेले. एक कुठलं ‘ट्रेडर्स’, एक चहाचं दुकान, एक बाईचं नाव. दर वेळी नाव बदलतंय हेच सगळ्यात मोठं लक्षण, लिहून ठेवा.

पोलीस ठाण्यात टेबलावरच्या हवालदारानं वर न बघता विचारलं, “कामून आलाव?” सांगितलं. म्हणाला, “जुगारात गेले म्हणताव, मग तुमच्यावरच केस हुईल की ओ.” शेजारचा हसला. मी खाली मान घालून उभा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशावरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. आणि मी तक्रार जुगाराची करतच नव्हतो, ठकवणुकीची करत होतो. भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. हे सगळं कागदावर लिहून नेलं तेव्हा हवालदार म्हणाला, आयटी ॲक्टचा तपास इन्स्पेक्टर साहेबच करतात आणि साहेब मोर्चाच्या बंदोबस्ताला आहेत. पुन्हा गेलो, साहेब कोर्टात. पुन्हा गेलो, तर ‘हे जिल्ह्याला सायबरला द्या’. जिल्ह्याला गेलो तर ‘आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा’. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, “तुम्ही वकील आहात का?” नाही साहेब, मोटरी भरतो. तुमच्या ठाण्याच्या बोअरची मोटर मीच भरून दिली होती, तेव्हा मला कुणी पत्र मागितलं नव्हतं.

बँकेची गोष्ट याहून भारी. भिंतीवर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा बोर्ड आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवा, तुमची जबाबदारी शून्य. मॅनेजर म्हणाले, ते तुमच्या नकळत गेलेल्या पैशाला, इथं पिन तुम्हीच टाकलाय. बरं, मान्य. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती खाती कुणीतरी कागद बघूनच उघडली ना? मला दुकानाचं चालू खातं उघडायला लाइट बिलापासून शॉप ॲक्टपर्यंत सगळं मागितलं होतं. त्या चहावाल्याच्या खात्यात दिवसाला लाखो येतात-जातात, आणि कुणाला काही वाटत नाही? यावर मॅनेजर म्हणाले, ती दुसरी बँक आहे. सगळ्यांचं उत्तर शेवटी हेच, ते दुसऱ्याकडं आहे.

ज्यांच्याकडं हा चार्ट आलाय, त्यांनी ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी सगळं बोलणं निर्यात करून ठेवा. मी रागारागात बाहेर पडलो आणि त्यांनी त्यांच्याकडचे संदेश पुसले. सरचा आवाज असलेल्या फिती तेवढ्या वाचल्या. ॲप ‘दुबईहून चालतं, इथला कायदा लागू नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे, तो २०२५ चा बंदीचा कायदा बाहेरून चालवणाऱ्यालाही लागू केलेला आहे. आणि मेहुण्या-साडूची ओळख मध्ये घालू नका. मावसभावाच्या मेहुण्याचे ४०,००० गेलेत असं तो म्हणतो. मला खरं वाटत नाही, पण नात्यात विचारता येत नाही.

एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट झाली. परराज्यातल्या एका खात्यात ११,३५० रुपये गोठवलेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलानं अर्जाची फी १५,००० सांगितली आहे.